क्लांगला जातेस? मग आधी हे ऐक

रविवारी सकाळी ऑफिसातली मंडळी तुला क्लांगला बाक कुत तेह, म्हणजे पोर्कचं मसालेदार सूप, खायला नेणार आहेत आणि तू आतापासूनच धास्तावली आहेस, हे तुझ्या मेसेजच्या लांबीवरूनच कळलं मला. पोर्क कधी खाल्लं नाही, चॉपस्टिक धरता येत नाहीत, मेन्यू चिनीत असला तर काय, आईला काय सांगू... अगं, एका नाश्त्याचं एवढं ओझं? क्वालालंपूरला नव्याने आलेल्या प्रत्येकीवर ही वेळ येते. नवी नोकरी, भाड्याचं घर, परकी भाषा हे सगळं तू निभावतेयस. एक वाडगा सूप काय अवघड आहे तुला?

आधी पोर्कचं मिटवू. खायचं नसेल तर खाऊ नकोस, पण ते आजच सांग. टेबलावर वाडगे आल्यावर तोंड वेडंवाकडं करू नकोस. बघ, या देशात कोण काय खात नाही हे विचारून घ्यायची सवय सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली असते. मलय लोक मुसलमान, ते डुकराच्या वाटेला जात नाहीत. कित्येक तमिळ हिंदू गोमांस खात नाहीत. आणि गंमत म्हणजे चिनी घरांतही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळणारे पुष्कळ असतात. त्यामुळे 'आमच्याकडे श्रावण असतो' म्हणालीस तर कुणी हसणार नाही. उलट 'महिनाभर?' असं विचारून एखादी मावशी तुझ्याकडे आदराने बघेल.

फक्त 'मी येते, पण भाजीच खाईन' असं भाबडेपणाने ठरवून जाऊ नकोस. बाक कुत तेहच्या दुकानात टोफू, मशरूम, पाला, सगळं पोर्कच्याच रश्श्यात उकळतं. पक्क्या शाकाहारी बाईला तिथे चहा आणि साधा भात, बस. त्या भातावरही तळलेला कांदा भुरभुरवतात, तो कशात तळलाय ते विचारावंच लागतं. तू मासे-मटण खाणारी आहेस आणि तुला चव घ्यायचीय, असं तुझ्या लिहिण्यातून दिसतंय. मग जा. गोव्याला साल्सेतच्या मैत्रिणीकडे पोर्कचं सोरपोतेल खाल्लेली मी, तरी क्लांगमध्ये पहिला घास बिचकतच घेतला होता.

बिचकले होते ते वासाने. मातीच्या हंडीतून काळपट रस्सा रटरटत आला की आपल्या नाकाला थेट बाळंतकाढा आठवतो. भिऊ नकोस, त्यातलं निम्मं तुझ्याच मसाल्याच्या डब्यात आहे: दालचिनी, चक्रीफूल, लवंग, मिरी, बडीशेप. वर लसणाचे अख्खे गड्डे, सालीसकट. बाकी चिनी काष्ठौषधी. त्यातलं तांग क्वै हे मूळ चिनी बायकांना बाळंतपणानंतर परंपरेने देतात, थोडा कडसर वास असतो तो त्याचा. आता मोठी बहीण म्हणून एक विचारते, राग मानू नकोस. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर या मुळाबद्दल आधी डॉक्टरांना विचार. बाकी धडधाकट माणसाला एका वाडग्याने काही होत नाही.

काळा रंग सोया सॉसचा. तू सिंगापूरला गेलीस तर तिथे याच नावाचं सूप पाणीदार, फिकट आणि मिरी-लसणाने झणझणीत मिळेल. तिथे तेओच्यू चिन्यांची पद्धत चालते, क्लांगमध्ये होक्कियन चिन्यांची. सिंगापूरच्या बऱ्याच दुकानांत सूप संपलं की फुकट पुन्हा वाढतात. क्लांगच्या जुन्या दुकानांत तसं धरून चालू नकोस. वाडगा पुढे करून हसतमुखाने उभी राहशील आणि मालकीणबाई भुवया उंचावतील. आणि मूळ पदार्थ कुणाचा, यावर टेबलावर मत देऊ नकोस बाई. क्लांगवाले बंदरावरच्या होक्कियन हमालांची गोष्ट सांगतात, सिंगापूरवाले आपल्या नदीकाठच्या हमालांची, आणि दोघेही जेवण थांबवून भांडतात. २०२४ साली मलेशियाने हा पदार्थ राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातला, तेव्हाही बरीच गरमागरमी झाली, कारण देशातले निम्म्याहून जास्त लोक धर्मामुळे हे खातच नाहीत. म्हणून शुक्रवारी ऑफिसात मलय मैत्रिणीला 'तू का गं येत नाहीस?' असं सगळ्यांसमोर विचारू नकोस. तिच्याबरोबर दुसऱ्या एखाद्या दिवशी नासी लमाक खायला जा.

आता प्रत्यक्ष तिथलं. केएल सेंट्रलहून पोर्ट क्लांगकडे जाणारी कोम्युतर गाडी पकडलीस तर तासभर तरी लागतो, म्हणून कुणाच्या गाडीत जागा मिळाली तर संकोच करू नकोस. लवकर निघा. हा तिकडे सकाळचा नाश्ता आहे आणि पुष्कळ दुकानं मोठं पातेलं संपलं की दुपारच्या आत फळ्या लावतात. गर्दीत अनोळखी कुटुंबाबरोबर एकाच गोल टेबलावर बसावं लागेल, ते चालतं. पर्समध्ये टिश्यूचं पाकीट ठेव. केस बांधून जा, नाहीतर घरी आल्यावर उशीलाही लसणाचा वास येईल.

बसल्या बसल्या आधी चहा विचारतील, खाणं नंतर. चहाची पुडी निवडायची, तिचे पैसे वेगळे. 'तिए क्वान यिन' म्हण, सगळ्यांना आवडतो. शेजारी किटलीत पाणी उकळत असतं, चहाचं भांडं आणि कप बाहुलीच्या खेळातले वाटावेत एवढेसे. पहिलं ओतलेलं पाणी कप विसळायला असतं गं! ते मी दोन्ही हातांनी कप धरून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने प्याले होते आणि वर 'छान आहे' असंही म्हणाले. तू फक्त शेजारणीकडे बघ आणि ती करेल तसं कर. कुणी तुझ्या कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं हलकेच टकटकव. तोंडात घास असताना आभार मानायची ही फार सोयीची रीत आहे. आणि चहा सोडू नकोस, तुपकट तोंड त्यानेच साफ होतं. नावातल्या 'तेह'चा अर्थ चहा असला तरी सूपात मात्र चहा नसतो, शोधत बसू नकोस.

मांसाचा भाग निवडायची वेळ आली की बरगड्या माग. जुन्या दुकानांत एकेका भागाचा वेगळा छोटा वाडगा मिळतो. बरगडीचं मांस चांगलं शिजलेलं असेल तर दातांनी जरा ओढलं की हाड मोकळं होतं. मटणाची नळी चोखण्यात हयात गेलेल्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही, हातात धरून खाल्लंस तरी कुणी बघत नाही. पोटाचा भाग, तो चरबीचे थर असलेला, पहिल्या दिवशी नको. खाणारे त्यावर जीव टाकतात, पण सवय नसलेल्या जिभेला तो घास गिळायचा की धरून ठेवायचा ते कळत नाही.

छोट्या बशीत काळा सोया सॉस, चिरलेला लसूण आणि बारीक लाल मिरची येईल. ती मिरची लवंगीच्या जातकुळीतली आहे, आपण तिखट खातो म्हणून फुशारकी मारू नकोस. तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या कापून येतात, यू चार क्वाय. त्या रश्श्यात बुडव आणि मऊ व्हायच्या आत उचल. माझं तर सगळं पोट त्यांनीच भरतं. कोरडं बाक कुत तेहही मिळतं, सुक्या लाल मिरच्या आणि भेंडी घालून परतलेलं. आपल्या जिभेला ते लगेच पटतं, पण एका वाडग्या रश्श्यानंतर मागव. चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा माग, लाजायचं काय त्यात! फक्त भातात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवू नकोस. मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या लावतात तसं दिसतं ते, आणि टेबलावरच्या आजीबाई दचकतात.

पैशांचं म्हणशील तर तुझा साहेब नाहीतर कुणी वडीलधारं 'आज मी बलांजा' म्हणेल, म्हणजे बिल त्यांचं. ओढाताण करू नकोस. परत जाताना तेंगकु क्लाना रस्त्यावरच्या लिटिल इंडियात थांबायला सांग आणि तिथे सगळ्यांना मसाला चहा पाज, फिटंफाट. तिथे मोगऱ्याचा गजराही मिळतो आणि ताजा कढीपत्ताही, दोन्ही घे.

राहिली आई. खरं सांगू का, तिला फोनवर तू स्वतःहूनच सांग. फोटोत दिसल्यावर विचारणार, त्यापेक्षा हे बरं. चार दिवस कुरकुरेल, मग 'आलं घातलं होतं का' असं विचारेल. आणि चव आवडली पण पोर्क नको वाटलं, तर सुपरमार्केटमधून याच मसाल्याची पुरचुंडी आण. कोंबडीच्या तंगड्या, लसणाचे दोन गड्डे, पुरचुंडी, पाणी बेताचं, मंद आचेवर पाऊण तास. कुकरला लावू नकोस, पुरचुंडी फुटली तर शिटीत मसाला अडकतो. मीठ शेवटी चाखून घाल, सोया सॉसातच भरपूर असतं. करशील तेव्हा मला बोलाव, भात मी घेऊन येते.