राखेच्या जागी शिरोभूषण

आजचे वाचन : यशया ६१:१-४



या अध्यायाची सुरुवातीची वचनं प्रभूने नासरेथच्या सभास्थानात वाचली (लूक ४). आज मला तिसऱ्या वचनावर थांबायचं आहे. सियोनेत शोक करणाऱ्यांना देव राखेच्या जागी शिरोभूषण देणार आहे. त्या काळी शोकात लोक डोक्यावर राख घालून घेत. तामारेनेही घातली होती (२ शमुवेल १३:१९). म्हणजे ज्या डोक्यावर राख, त्याच डोक्यावर शिरोभूषण!

मूळ इब्रीत आणखी एक गंमत आहे. राख म्हणजे 'एफेर' आणि शिरोभूषण म्हणजे 'पेएर'. अक्षरं तीच तीन : आलेफ, पे, रेश. फक्त पहिली दोन जागा बदलतात. (आमच्या कोडमध्ये असं झालं तर सगळं बंद पडतं, ते असो.)

पप्पा गेले तेव्हा हे वचन मला कितीतरी जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वाचवत नव्हतं. मला शिरोभूषण नको होतं, पप्पा हवे होते. आज कोणी असं म्हणालं तर त्याचा विश्वास कमी आहे, असं मी म्हणणार नाही. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडलाच (योहान ११:३५).

मला धरून ठेवलं ते चौथ्या वचनाने. जुनी ओसाड नगरं पुन्हा बांधणारे कोण? तेच, शोक करणारे!

पंडिता रमाबाईंचं पाहा. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, भाऊ, १८८२ मध्ये पती. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्या वेळी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाई इब्री आणि ग्रीक भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायाबापड्यांना कळेल असं. मनोरमा परत आली नाही, पण काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. यशयाचा हा अध्यायही त्यात आहे. 'राख' हा शब्द मराठीत लिहिताना त्या माउलीच्या मनात काय आलं असेल?

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांच्या घरी यंदा एक ताट कमी वाढलं जातं, त्यांच्याजवळ बस. आज त्यांना बोलवत नसेल, तर बोलायला लावू नकोस. उद्यासाठी एखादं काम त्यांच्या हाती दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.