डोंगराला वणवा, पायथ्याला धोका

फाल्गुन लागला की खारघरचा डोंगर पिवळा पडतो. पावसाळ्यात जिथे पांडवकडा कोसळतो, तिथे गुडघाभर वाळलेले गवत उभे असते. मग एखाद्या रात्री डोंगरावर आगीची लाल माळ दिसते. मुले गच्चीवर जाऊन गंमत पाहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतलीच दोन-तीन खोकत माझ्या दवाखान्यात येतात.

एका वर्षी पायथ्याला राहणारे साठी ओलांडलेले एक काका पाय भाजून आले. वणवा कुंपणाकडे येताना पाहून ते ओल्या फांदीने तो झोडपायला एकटेच धावले होते. पायांत रबरी चपला, आणि उभे होते आगीच्या वरच्या अंगाला. वारा फिरला आणि ज्वाळा पायांवर आल्या. जखमेवर टूथपेस्टचा थर होता.

"काका, हे कोणी लावलं?"

"शेजारच्या वहिनी म्हणाल्या, थंडावा मिळतो."

तो थर काढताना काकांना झालेल्या वेदना मी विसरलेलो नाही. जखम भरायला दीड महिना लागला. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

आग चढावर वेगाने पळते, कारण ज्वाळांची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. म्हणून लक्षात ठेवा, आगीच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नये.

आपल्याकडे बहुतेक वणवे माणूसच लावतो. नवे गवत चांगले फुटेल ही समजूत, बांधावर भाजलेला राब, फेकलेली विडी, पेटवलेला कचरा ही नेहमीची कारणे. मीही पूर्वी आवारातला पाचोळा जाळत असे. काकांचे पाय पाहिल्यापासून तो खड्ड्यात कुजवतो. राखीव जंगलात आग लावणे हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

घर कसे सांभाळावे? घर पेटते ते बहुधा वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांमुळे. उन्हाळ्याआधी घराभोवती निदान तीस फुटांतले वाळके गवत काढावे. पत्र्यावरचा व पन्हळीतला पाचोळा झाडावा. ताडपत्री, सरपण, जुनी गादी भिंतीला टेकवून ठेवू नये. वनखाते जंगलात जाळरेषा काढते, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करते. तोच उपाय वस्तीच्या कडेला सर्वांनी मिळून करावा. मोठ्या इमारतींच्या अग्निशमन यंत्रणेची तपासणी 2006 च्या राज्य कायद्यानुसार दर जानेवारीत व जुलैत करून घ्यावी लागते. आपल्या सोसायटीचा दाखला सचिवांकडे मागून पाहा.

धुराचे काय? धुरातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात जातात. दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक. खिडक्या बंद ठेवाव्यात. घरात उदबत्ती व डासांची कॉइल लावू नये. ओल्या रुमालाने हे कण अडत नाहीत. बाहेर जावेच लागले तर नीट बसणारा एन-95 मास्क वापरावा. दम्याचा पंप हाताशी असावा. धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

कपडे पेटले तर धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज येण्यापूर्वी काढावेत. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना गाठावा. चेहरा, हात, पाय किंवा सांधा भाजला असेल, अथवा आवाज घोगरा होऊन नाकात काजळी दिसत असेल, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

वणवा दिसला की अग्निशमन दलाला 101 वर आणि वनखात्याला 1926 वर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी 108. हे आकडे जिन्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. विझवण्याचे काम प्रशिक्षित माणसांचे आहे. आपले काम वेळेवर कळवण्याचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, मुलांना व गुराढोरांना आधी बाहेर काढण्याचे.

काका आता बरे आहेत. दर माघात ते गल्लीतल्या पोरांना गोळा करून कुंपणाबाहेरचे गवत कापून घेतात. "डॉक्टर, विळ्याला एक सकाळ पुरते," ते मला म्हणाले, "आगीमागे धावलो त्याला दीड महिना लागला." माझ्या औषधांच्या चिठ्ठीपेक्षा हा सल्ला मोलाचा आहे. येत्या रविवारी आपल्या गल्लीत तो अमलात आणून पाहा.