६० सेकंदांत इंग्रजी उत्तर: कॅम्पस, मानसशास्त्र आणि तुमचा धंदा



"सर, इंग्रजी समजतं, लिहिताही येतं, पण समोर गिऱ्हाईक आलं की तोंडातून शब्द फुटत नाही." हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. माझंही तेच होतं. बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याचा पहिला फोन आला, तेव्हा मी माझ्या मालाची माहिती पाठ करून बसलो होतो. त्याने विचारलं भलतंच. मी पाठ केलेलंच बोलत राहिलो. ऑर्डर गेली.

त्यावर उपाय मला टोफेल या इंग्रजी परीक्षेच्या जुन्या प्रश्नांत सापडला. तुम्हाला परीक्षा द्यायची नसली तरी हा सराव करा.

प्रश्न कसे असायचे?

ऑगस्ट २०१९ पासून जानेवारी २०२६ पर्यंत टोफेलमध्ये बोलण्याचे ४ प्रश्न होते. त्यातले दोन आपल्या कामाचे. एक कॅम्पसवरचा: विद्यापीठाची सूचना वाचायची, मग त्यावर दोन विद्यार्थ्यांचं बोलणं ऐकायचं. दुसरा अभ्यासविषयाचा, बऱ्याचदा मानसशास्त्राचा: छोटा उतारा वाचायचा, मग प्राध्यापकांचं उदाहरण ऐकायचं. दोन्हीत तयारीला ३० सेकंद, बोलायला ६० सेकंद. आता परीक्षेचा नमुना बदललाय, म्हणून प्रत्यक्ष परीक्षा देणाऱ्यांनी नवा नमुना पाहूनच तयारी करावी.

सराव १: कॅम्पस

समजा, सूचना अशी आहे: कॅम्पसची बस रात्री ८ नंतर बंद. एका विद्यार्थिनीला हे पटत नाही. प्रश्न येतो, तिचं मत काय आणि कारणं कोणती? उत्तर मोठ्याने म्हणा:

"द युनिव्हर्सिटी प्लॅन्स टु स्टॉप द कॅम्पस बस आफ्टर एट पीएम. द वुमन डिसॲग्रीज. फर्स्ट, हर लॅब एंड्स ॲट नाइन, सो शी विल हॅव टु वॉक होम इन द डार्क. सेकंड, शी थिंक्स द युनिव्हर्सिटी विल नॉट सेव्ह मच, बिकॉज द लेट बस इज जस्ट अ स्मॉल व्हॅन."

सांगाडा बघा: काय ठरलं, तिचं मत काय, कारण एक, कारण दोन. बस्स.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे स्वतःचं मत सांगणं. "आय थिंक बस इज इम्पॉर्टंट" हे वाक्य व्याकरणात बरोबर असेल, पण तुम्हाला विचारलंय तिचं मत. मी फोनवर हीच चूक केली होती. समोरचा काय म्हणाला हे न ऐकता आपलंच दळण दळत बसलो.

सराव २: मानसशास्त्र

संकल्पना घेऊया 'संक कॉस्ट', म्हणजे बुडीत खर्च. जो पैसा गेला आणि परत येणार नाही, त्याच्यासाठी आपण पुढचे निर्णय बिघडवतो. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं हंगामी तिकीट १५ डॉलरचं होतं. काहींना ते पूर्ण किमतीत दिलं, काहींना २ डॉलर आणि काहींना ७ डॉलर सवलतीत. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत भरणारे जास्त नाटकांना आले. उत्तर असं:

"संक कॉस्ट इज मनी वी हॅव स्पेंट अँड कॅनॉट गेट बॅक. इन द एक्झाम्पल, सम पीपल पेड द फुल प्राइस फॉर थिएटर टिकेट्स, अँड अदर्स गॉट अ डिस्काउंट. द फुल-प्राइस ग्रुप वेंट टु मोअर प्लेज ॲट फर्स्ट. धिस शोज दॅट मनी ऑलरेडी स्पेंट कॅन चेंज अवर डिसिजन्स."

इथेही तोच सांगाडा: अर्थ, उदाहरण, दोन्हींचा संबंध. आणि आपल्या धंद्यात बघा. मशीन घेतलंय म्हणून न खपणारा माल वर्षभर बनवत राहणं, हा बुडीत खर्चच!

आता धंद्याची भाषा

तुम्ही पापड बनवता आणि व्यापारी म्हणतो पाकीट मोठं आहे. आधी त्याचं म्हणणं सांगा, मग आपलं:

"यू वाँट स्मॉलर पॅकेट्स. फर्स्ट, युअर कस्टमर्स बाय फॉर वन वीक. सेकंड, द शेल्फ इज स्मॉल. वी कॅन मेक अ हंड्रेड-ग्रॅम पॅक."

आपलं म्हणणं नीट पोचलंय हे त्याला कळतं, आणि बोलणं तिथून पुढे सरकतं.

रोजचा १५ मिनिटांचा गृहपाठ

१. एक छोटी सूचना किंवा बातमी वाचा. ३० सेकंदांत कागदावर फक्त ४-५ शब्द लिहा. पूर्ण वाक्य लिहायचं नाही.
२. मोबाइलवर ६० सेकंद रेकॉर्ड करा. अडखळलात तरी थांबू नका.
३. ऐका आणि तीनच गोष्टी तपासा: समोरच्याचं मत आलं का? दोन कारणं आली का? वेळेत संपलं का?
४. तेच उत्तर पुन्हा दोनदा रेकॉर्ड करा.

उच्चार आणि व्याकरण यांची चिंता पहिले १५ दिवस बाजूला ठेवा. पाठांतर तर अजिबात नको, कारण गिऱ्हाईक तुमच्या पाठांतराप्रमाणे प्रश्न विचारत नाही. सांगाडा पक्का असेल तर प्रश्न कोणताही येऊ दे, पहिलं वाक्य तुमच्याकडे तयार असतं.

चला, मोबाइल काढा. पहिलं रेकॉर्डिंग आजच, आणि ते पुसू नका. महिन्याने परत ऐका, फरक तुमचा तुम्हालाच कळेल.