शिशाला भाव, लिथियमला कायदा

सांगलीजवळ दुचाकींचं गॅरेज चालवणारे भावोजी आणि बॅटरी रिसायकलिंगच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर असलेल्या त्यांच्या वहिनी यांच्यातल्या या गप्पा.

भावोजी: वहिनी, इन्व्हर्टरची गेलेली बॅटरी दारात ठेवली की भंगारवाला दुपारच्या आत उचलतो, वर पैसे मोजून देतो. ई-स्कूटरचा लिथियमचा पॅक दाखवला की तोच माणूस हात जोडतो. गॅरेजात पॅक साचायला लागलेत.

वहिनी: त्याचा हिशेब बरोबर आहे. ॲसिड बॅटरीच्या वजनात साठेक टक्के नुसतं शिसं. फोडा, वितळवा, पुन्हा प्लेटा ओता. कुठल्याही कंपनीची असली तरी आत माल तोच. लिथियमच्या पॅकात नेमकं काय भरलंय, ते बाहेरून कळतच नाही. पण आधी सांगा, ते पॅक ठेवलेत कुठे?

भावोजी: मागच्या खोलीत. ऑइलच्या डब्यांशेजारी.

वहिनी: आजच्या आज हलवा! उतरलेल्या पॅकातसुद्धा आग लावण्यापुरती वीज उरलेली असते. टर्मिनल शॉर्ट झाले आणि एक सेल तापला, की आतली रसायनंच उष्णता वाढवत नेतात. मग शेजारचा सेल, मग त्याच्या शेजारचा. टर्मिनलवर टेप गुंडाळा, कोरड्या मोकळ्या जागेत ठेवा, आणि फुगलेला असेल तो बाकीच्यांपासून लांब.

भावोजी: बरं. पण यातले बरेच पॅक पुरते गेलेले नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, नव्वद किलोमीटर जायची ती पासष्टवर आली.

वहिनी: म्हणजे सत्तरेक टक्के क्षमता शाबूत आहे. गाडीला ती कमी पडते, कारण तेवढंच वजन वाहून कमी अंतर कापायचं. एका जागी बसून सोलरची वीज साठवायला वजनाची अडचण कुठे येते? ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियमात 2018 साली निस्सान लीफ गाड्यांच्या 148 बॅटऱ्यांइतका साठा उभा केला, त्यात वापरलेल्या बॅटऱ्याही आहेत. सामन्याच्या वेळी विजेची मागणी वाढली की तो मदतीला येतो.

भावोजी: मग इथेही करू की! आमच्या पेठेत एक पोरगा जुन्या लॅपटॉपचे 18650 सेल काढून पॉवर बँक बनवतो.

वहिनी: हात चांगला असेल त्याचा, पण तो सेल कसा तपासतो?

भावोजी: मल्टिमीटर लावतो. व्होल्टेज दाखवलं की चांगला.

वहिनी: तिथेच फसतो माणूस. थकलेला सेलही चार्ज केल्यावर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरं कळतं ते पूर्ण भरून, पूर्ण उतरवून क्षमता मोजल्यावर आणि आतला रेझिस्टन्स पाहिल्यावर. शिवाय सेल एकापुढे एक जोडले, की सगळ्यांत अशक्त सेल संपला तिथे आख्खी माळ थांबते. स्टेडियमवाल्यांचं काम सोपं होतं, एकाच बनावटीच्या बॅटऱ्या आणि बनवणारी कंपनी सोबत. तुमच्याकडच्या पॅकने किती उन्हाळे काढले, किती वेळा पाण्यात बुडाला, कोणाला माहीत? तपासायला वेळ जातो, मजुरी जाते, आणि तिकडे नवा सेल दरवर्षी स्वस्त होतोय. जुन्या सेलला दुसरं आयुष्य देण्यात खरी आडकाठी ही आहे. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतोय, तो यासाठीच. कोड स्कॅन केला की आत कोणतं रसायन आहे, बॅटरी किती वापरली गेली, हे समोर यावं.

भावोजी: आणि अगदीच कामातून गेला तर? वितळवायचा?

वहिनी: भट्टीत घालणारेही आहेत. कोबाल्ट, निकेल, तांबं हाती लागतं, पण लिथियम मळीत जातं. आमच्याकडे आधी पॅकमधली उरलेली वीज काढून घेतात, मग हवेतला ऑक्सिजन बाजूला ठेवून तो दळतात. तांब्याचे-ॲल्युमिनियमचे तुकडे चाळून वेगळे झाले की उरते काळी भुकटी, तिला सगळे ब्लॅक मासच म्हणतात. खरा माल त्यात. सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ती विरघळवायची, मग एकेक धातू वेगळा करायचा. लिथियम सगळ्यांत शेवटी. त्याची गंमत आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, लिथियम कार्बोनेटचं उलटं. द्रावण तापवून सोडा ॲश घातली की ते पांढरं होऊन खाली बसतं.

भावोजी: एवढं जमतं, तर मग अडलंय कुठे?

वहिनी: स्वस्ताईत. पूर्वीच्या बऱ्याच पॅकांत निकेल-कोबाल्ट असायचं. कोबाल्ट महाग, त्याच्या जिवावर सगळा खर्च निघायचा. आता कंपन्या एलएफपीकडे वळल्यात, म्हणजे लोह आणि फॉस्फेट. टिकाऊ, आगीला कमी धार्जिणी, स्वस्त. मला स्वतःला तीच पसंत. पण रिसायकल करणाऱ्याच्या हाती काय येणार? लोखंडाला मोल नाही, आणि शंभर किलो सेलमध्ये लिथियम एक-दीड किलो. चीनमध्ये 2022च्या अखेरीला लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या घरात होतं, 2024 उजाडताना एक लाखाच्या आसपास आलं. अशा भावावर कोण कारखाना टाकेल?

भावोजी: म्हणजे बॅटरी जितकी चांगली, तितकं तिचं भंगार निकामी.

वहिनी: म्हणून तर कायदा लागतो. शिसं भावामुळे परत येतं, एलएफपी आपोआप येणार नाही. आपल्याकडे 2022चे बॅटरी कचरा नियम आहेत. बॅटरी बाजारात आणणाऱ्यावरच ती परत गोळा करून रिसायकल करवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि 2026-27 पासून रिसायकल करणाऱ्याने नव्वद टक्के माल परत मिळवायचा आहे.

भावोजी: नव्वद! मग झालंच की.

वहिनी: आकड्याला भुलू नका. ते नव्वद टक्के बॅटरीच्या एकूण कोरड्या वजनाचे. केसिंग, तांबं, ॲल्युमिनियम यांनीच वजनाचा मोठा हिस्सा भरतो. उद्या कोणी सगळं लिथियम गटारात सोडलं तरी वजनाच्या हिशेबात एक-दीड टक्काच घटेल. युरोपने धातूगणिक आकडे ठरवले आहेत. लिथियम 2027 अखेर पन्नास टक्के, 2031 अखेर ऐंशी टक्के परत मिळालंच पाहिजे. आपला नियम तसा बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये अशा खनिजांच्या रिसायकलिंगसाठी दीड हजार कोटींची योजना मंजूर केली, ते ठीकच. पण पैसे देताना लिथियमचा हिशेब मागायला हवा.

भावोजी: ते दिल्लीवाले बघतील. माझ्या मागच्या खोलीचं काय?

वहिनी: ज्या कंपनीची स्कूटर, तिच्या डीलरला लेखी कळवा. पॅकचा नंबर, फोटो, सगळं. परत नेणं त्यांचं काम आहे. नेताना पावती घ्या.

भावोजी: आणि गावठी जोडणीचे, नाव-गाव नसलेले पॅक? तेच जास्त आहेत.

वहिनी: त्यांना मालक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला रिसायकलर शोधावा लागेल, आणि तो एकदोन पॅकसाठी टेम्पो पाठवणार नाही. आसपासच्या गॅरेजवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे किती पडलेत ते.

भावोजी: विचारतो. टेम्पोचं भाडं मात्र आमच्याच डोक्यावर बसणार असं दिसतंय.