आवाज येते, पन बोलनं समजत नाई

भंडारा शहरात पितळेची भांडी मठारण्यात मामाजींचा जन्म गेला. भाची नागपुरात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. ती घरी आली तेव्हा दोघांचं झालेलं हे बोलणं.

मामाजी : तुझी मामी म्हनते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. बाई, मले आवाज येते ना! पन बोलनं समजत नाई.

भाची : मामाजी, मठारकाम करणाऱ्याचा कान असाच जातो. वर्षानुवर्षं पितळेवर हातोडी पडत राहिली की आतल्या कानातल्या नाजूक रोमपेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. उंच पट्टीचे, बारीक आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून मामीचे 'आ', 'ओ' तुम्हाला नीट येतात, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. ती 'सात' म्हणते, तुम्हाला 'हात' वाटतं. तुमचं दुर्लक्ष नाही हे, आणि घरच्यांना ते कळलंच पाहिजे.

मामाजी : मंग कानाच्या डॉक्टरकडं जावं का तुझ्याकडं?

भाची : कान वाहतो, दुखतो, चक्कर येते, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. औषध आणि ऑपरेशन त्यांचं काम. किती ऐकू येतं, कुठे बिघडलंय हे मोजणं आणि पुढे ऐकण्याची सोय लावणं, हे आमचं. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत गेलात तर एकाच विभागात दोन्ही होतं. एखाद्या दिवशी अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर मात्र 'पाहू उद्या' म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचार जितका लवकर, तितकी पुन्हा ऐकू येण्याची आशा जास्त.

मामाजी : सुई-गिई टोचते का तपासनीत?

भाची : काहीच नाही. आधी मी विचारीन : काम कोणतं, किती वर्षं, कानात गुंई वाजतं का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मग दुर्बिणीनं कानात पाहीन. नुसता मळ साचलेला असला तरी ऐकू कमी येतं. त्यानंतर आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं. बारीक आवाज येतील, कधी जाड, कधी किणकिणते. अगदी पुसट आला तरी बटण दाबायचं. लोकांना ही परीक्षा वाटते आणि ते अंदाजानं दाबत सुटतात. तसं करू नका, नाही आला तर नाही आला. मग कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र लावते. त्याचा आवाज बाहेरचा आणि मधला कान टाळून थेट आत जातो, म्हणून बिघाड पडद्याकडे आहे की आतल्या नसेकडे, ते उलगडतं. शेवटी शब्द म्हणायला लावते. आणि हो, आदल्या संध्याकाळपासून मशीन, डीजे यांच्याजवळ जाऊ नका. मोठ्या आवाजानं कान काही तास बधिर राहतो, मग मोजमाप चुकतं.

मामाजी : अन् निघते काय त्यातून?

भाची : एक आलेख. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. आवाजानं खराब झालेल्या कानाची रेघ बहुतेक 4000 हर्ट्झजवळ खोल खाली उतरते. त्या रेघेप्रमाणेच कानाच्या मशीनमधला आवाज बसवायचा असतो. म्हणून शेजाऱ्याचं जुनं मशीन घालू नका, आणि दुकानदारानं दिलं म्हणून घेऊ नका. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. मशीनमुळे कान तरुण होत नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज अंगावर येतो. पुष्कळ लोक तेव्हाच ते कपाटात टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. तसं न करता परत या, आम्ही ते हवं तसं बसवून देतो.

मामाजी : लहान नातीचं पन पाहाचं हाय. आम्ही थाळी वाजवून पाह्यली, वळून पाहते.

भाची : थाळीवर विसंबू नका. मूल हाताच्या हालचालीनं, सावलीनं, जमिनीच्या कंपनानंही वळतं. बाळ झोपलेलं असताना ओएई आणि बेरा या श्रवण-तपासण्या होतात, त्याला काही कळतही नाही. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे धोरण जगभर मानतात, कारण बोलणं ऐकूनच येतं. उशीर झाला असेल तरी आणा.

मामाजी : अन् पोरगा? तो चिखल्याच्या म्यांगनीजच्या खाणीत ड्रिलवर हाय.

भाची : त्याची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण त्याचे कान अजून वाचवता येतील. अंदाज यावा म्हणून सांगते, कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला दिवसाचे 8 तास, 95 ला 4 आणि 100 ला फक्त 2 तास अशी मर्यादा आहे. ड्रिलजवळ आवाज याच्याही वर जातो. कानावर आवाज अडवणारे मफ असायलाच हवेत, आणि पूर्ण पाळीभर. मधे तासभर काढले तरी त्यांचा बराचसा उपयोग गेला. वर्षातून एकदा त्याचा आलेख काढा आणि मागच्याशेजारी ठेवून पाहा. 4000 जवळ रेघ उतरायला लागली, तर काम बदलून मागायचं, बोलणं समजेनासं होईपर्यंत थांबायचं नाही.