हरता डाव केव्हा सोडावा?

बुद्धिबळात मात होण्यापूर्वी, घड्याळातील वेळ शिल्लक असतानाही खेळाडूला डाव सोडता येतो. तसे त्याने जाहीर केले की डाव त्याच क्षणी संपतो. मागाहून कितीही चांगली चाल सापडली, तरी हा निर्णय फिरवता येत नाही. इतर कोणत्याही चालीपेक्षा या निर्णयाला अधिक विचार द्यावयास हवा. प्रत्यक्षात तो बहुधा वैतागाच्या भरात घेतला जातो.

२००० साली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा नवी दिल्लीत झाली. अंतिम सामना तेवढा तेहरानला झाला आणि विश्वनाथन आनंद विजेता ठरला. दिल्लीतील आरंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांशी दोनच संथ डाव खेळावयाचे आणि बरोबरी झाल्यास जलद डावांवर निकाल लावावयाचा, अशी योजना होती. पहिला डाव गमावणाऱ्याला दुसरा जिंकल्यावाचून गत्यंतर नसे. अशा वेळी अर्ध्या गुणासाठी पाच तास चिवटपणे झुंजणे शहाणपणाचे असते. दीर्घ साखळी स्पर्धेत मात्र उद्याच्या डावासाठी शक्ती राखण्यालाही काही अर्थ असतो.

तरीही पहिला विचार पटावरील स्थितीचा. आपण हरत आहोत काय, हा प्रश्न पुरेसा नाही. जिंकण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अजून काही शोधून काढावे लागणार आहे काय, हे पाहावे. १९०२ साली माँटे कार्लो येथे मार्कोने फोन पोपिएलविरुद्ध डाव सोडला. आपला खिळलेला उंट आता वाचत नाही, अशी त्याची समजूत झाली होती. वास्तविक तोच उंट जी-१ या घरात नेला असता, तर मातेची धमकी बसून डाव मार्कोनेच जिंकला असता! १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये कास्पारॉव्हने डीप ब्लू या संगणकाविरुद्ध दुसरा डाव सोडला, तेव्हा सततच्या शहाने बरोबरी साधण्याचा मार्ग पटावर होता. संगणकाने तो आधीच बंद केला असेल, असे त्याने गृहीत धरले असावे. दोघांनीही स्वतःच्या गणिताऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या गणितावर भिस्त ठेवली.

नवशिक्याने एक स्थिती तर पाठच करावी. प्रतिस्पर्ध्याजवळ राजा, उंट आणि पटाच्या अगदी कडेच्या पट्टीतील एक प्यादे आहे. आपल्याजवळ केवळ राजा. दिसावयास सर्वस्व गेलेले! परंतु ते प्यादे ज्या कोपऱ्यातील घरी वजीर होणार, त्या घराचा रंग उंटाच्या घरांहून वेगळा असेल आणि आपला राजा तो कोपरा गाठू शकत असेल, तर त्याला तेथून हुसकावता येत नाही. त्याची कोंडी केली, तर शह नसताना चालच उरत नाही व डाव बरोबरीत सुटतो.

याउलट केवळ राजे व प्यादी उरली असता गणित शेवटपर्यंत करता येते. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमधील अजिंक्यपदाच्या चौदाव्या डावात एक प्यादे कमी असूनही डिंग लिरेनची स्थिती बरोबरीची होती. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती नको त्या घरी नेला, डी. गुकेशने प्रथम हत्तींची व मग उंटांची मारामारी करून पट मोकळा केला. आता मागे शोधण्यासारखे काही राहिले नव्हते. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.