खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे केव्हा सोडावेत?

टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत, विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी. कच्चे शेणखत आपण रोपांना घालतो का? तसेच हे. विष्ठा व उरलेल्या खाद्यापासून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करणारे जिवाणू वाढण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच हॅचरीत वाढवलेल्या क्लाऊनफिशची लहान जोडी सोडावी. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ मात्र आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे. क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम ठेवावी. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोडेच भरावे, कारण मीठ टाकीतच राहते.